मोटारीचे डोळे आणि वैशाखाचें ऊन

अलीकडे मोटारींना डोळे आले आहेत, असें म्हटलें तर आमच्या वाचकांस हंसूं येईल. कारण आपल्या घरांत डोळे येणें हा एक रोग समजतात, आणि तो आला कीं आजीबाई गुलाबपाण्याची बाटली शोधूं लागतात. मोटारीचे डोळे हे तसले नव्हेत. पुढच्या कांचेच्या आंत, आरशाच्या पाठीमागें बसविलेला लहानसा कॅमेरा; पुढील जाळीच्या आड दडलेलें रडार; बंपरांत बटणासारखीं दिसणारीं ध्वनियंत्रें; आणि कांहीं गाड्यांच्या टपावर किंवा कपाळावर बसविलेला, लेसरच्या किरणांनीं अंतर मोजणारा लायडार, या साऱ्यांस मिळून संवेदक अथवा सेन्सर असें नांव आहे. समोरची गाडी एकाएकीं थांबली तर हे डोळे तें चालकाच्या आधीं ओळखतात आणि यंत्र आपण होऊन ब्रेक लावतें. गाडी रस्त्यावरील पांढरी रेघ ओलांडूं लागली तर इशारा देतें. ही चैन केवळ धनिकांची, असेंहि आतां राहिलेलें नाहीं. केंद्र सरकारच्या परिवहन खात्यानें २०२५ सालीं जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यांत बसगाड्या व मोठ्या मालमोटारी यांनाहि असलीं साधनें बसविण्याची सक्ति सुचविली होती.

मनुष्याच्या डोळ्याप्रमाणेंच या डोळ्यांसहि ऊन बाधतें, ही गोष्ट मात्र जाहिरातींत फारशी आढळत नाहीं. तें बाधूं नये म्हणून काय करावें, आणि तें करतांना बॅटरींतील वीज किंवा टांकींतील तेल कमींत कमी कसें खर्चावें, हा प्रश्न दिसतो त्याहून पुष्कळ गहन आहे. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

या प्रश्नाची खरी कसोटी पाहावयाची तर प्रयोगशाळेंत जाण्याचें कारण नाहीं. नगराहून संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नेवासें तालुक्यांत घोडेगांव लागतें. कांद्याच्या व जनावरांच्या बाजाराबद्दल हें गांव पंचक्रोशीबाहेरहि प्रसिद्ध आहे. शिवाय शनिशिंगणापुरास जाणारा फांटा येथूनच फुटतो. त्यामुळें गोण्यांनीं लादलेल्या मालमोटारी, ट्रॅक्टरामागें डुलत चाललेल्या ट्रॉल्या, दावणीहून सोडून बाजारास निघालेलीं गुरें आणि दर्शनास आलेल्या कुटुंबांच्या झकपक मोटारी यांची येथें एकच गर्दी होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंश सेल्सिअसच्या वर चढतो, डांबर त्याहून पुष्कळ अधिक तापतें, आणि गाडी बैलाच्या पावलांनीं पुढें सरकते. धांवत्या गाडीस वारा तरी मिळतो. अशा खोळंबलेल्या गाडीस तोहि मिळत नाहीं. सेन्सरची परीक्षा घेणारा स्थळकाळ याहून कडक शोधून सांपडणार नाहीं.

डोळा तापला म्हणजे नेमकें काय बिघडतें? कॅमेऱ्याच्या भिंगामागें सिलिकॉनची नखाएवढी चिप असते. तिजवर प्रकाश पडला कीं तेथें विद्युत्कण मोकळे होतात, आणि त्यांची मोजदाद म्हणजेच चित्र. परंतु उष्णतेनेंहि असेच कण मोकळे होतात. प्रकाशानें सुटलेला कोणता व उष्णतेनें सुटलेला कोणता, हें चिपेस कळत नाहीं. हा खोटा प्रवाह दर सहा ते आठ अंशांस सुमारें दुप्पट होतो. आठ अंशांस दुप्पट असा सौम्य हिशेब धरला, तरी २५ अंशांवर निर्मळ पाहणारा कॅमेरा ६५ अंशांवर गेला कीं खोटा प्रवाह बत्तीस पट होतो. भर दुपारच्या लखलखाटांत तो जाणवत नाहीं. पण दिवेलागणीच्या सुमारास लिंबाच्या सांवलींत उभ्या असलेल्या काळ्या म्हशीचें चित्र काढावयाचें असतां हे काजवे चित्रांत शिरतात, आणि म्हैस व सांवली यांतला भेद पुसट होतो.

लायडारची व्यथा निराळी आहे. त्याच्या लेसरचा किरण डोळ्यांस न दिसणारा, बहुधा ९०५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा असतो. परंतु लेसर तापत जाईल तशी ही लांबी दर अंशास सुमारें पाव ते एक तृतीयांश नॅनोमीटर वाढते. परत येणारा किरण सूर्यप्रकाशांतून निवडून घेण्यासाठीं पुढें एक गाळणी लावलेली असते. ती अरुंद ठेवावी तर तापलेल्या लेसरचा स्वतःचाच किरण ती अडविते. रुंद ठेवावी तर सूर्य आंत घुसतो. रडारचा जोर तापल्यावर उतरतो. भिंगाची बैठक फुगली तर भिंग अगदीं केसभराहूनहि कमी सरकतें, पण तेवढ्यानें लांबचें अक्षर फिसकटतें. मोटारींत वापरावयाच्या चिपांच्या प्रतवाऱ्या ठरलेल्या आहेत. कोणी ८५, कोणी १०५, तर कोणी १२५ अंशांच्या भोंवतालांत टिकाव धरतात. पण टिकाव धरणें वेगळें आणि नीट पाहणें वेगळें, हें घरोघरच्या वडील मंडळींस सांगावयास नकोच.

आतां हें ऊन किती, याचा हिशेब करूं. निरभ्र दुपारीं एका चौरस मीटरावर सूर्य सुमारें १,००० वॅट इतकी शक्ति ओततो. सेन्सरची काळी टोपी दहा सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद असली तर तिच्या वांट्यास दहा वॅट येतात, आणि काळा रंग त्यांतील बहुतेक सर्व पिऊन टाकतो. उलट तिच्या आंतील कॅमेरा स्वतः दोन-तीन वॅटच उष्णता निर्माण करतो. म्हणजे आंतल्या चुलीपेक्षां बाहेरचा सूर्यच तिप्पट-चौपट जाचक! मग त्या टोपीस काळा रंग कां द्यावा, असें कोणीहि विचारील. बाजूचा प्रकाश परावृत्त होऊन भिंगांत शिरूं नये म्हणून भिंगाभोंवतीं काळेपणा लागतो, हें खरें. परंतु तेवढी कड सोडली तर उरलेला काळेपणा हा बहुतांशीं शोभेसाठीं असतो, आणि शोभेपायीं विनाकारण उष्णता विकत घेणें हा कांहीं शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

कांचेआडच्या कॅमेऱ्याची स्थिति तर याहूनहि कठीण. उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत प्रकाश शिरतो, पण त्याची झालेली उष्णता बाहेर पडत नाहीं. डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० ते ८० अंशांपर्यंत तापतो, आणि तापलेली हवा वर चढून नेमकी कॅमेऱ्यापाशीं कोंडते. आमच्या एका आप्तांचें कुटुंब गेल्या वैशाखांत शिंगणापुरास गेलें होतें. गाडी दोन तास उघड्यावर उभी होती. परत निघून घोडेगांवच्या फांट्याशीं येतात न येतात तोंच समोरच्या पडद्यावर अक्षरें उमटलीं, कीं कॅमेरा तापला असल्यामुळें साहाय्य तात्पुरतें बंद आहे. मागच्या आसनावर बसलेल्या आजींनीं तीं नातवाकडून वाचवून घेतलीं आणि म्हणाल्या, “अरे बाळ, तिच्या डोळ्यांना उष्णता झाली आहे. कपाळावर ओली घडी ठेव, नाहीं तर घटकाभर सांवलींत तरी उभी कर.” सर्वजण हंसले, पण पुढें पाहिलें तर गाडीबरोबरच्या पुस्तकांतहि जवळजवळ तेंच लिहिलेलें होतें, फक्त ओल्या घडीऐवजीं वातानुकूलनाचा झोत कांचेकडे वळवावा, एवढाच फरक! वीसेक मिनिटांनीं डोळा पुनः उघडला.

यांत यंत्राचा दोष नाहीं. आपणांस नीट दिसत नसेल तर तसें सांगून बाजूस होणें, हें यंत्र काय किंवा मनुष्य काय, प्रामाणिकपणाचेंच लक्षण होय. धोका आहे तो निराळाच. ज्यास या साहाय्याची संवय जडली, त्याचें लक्ष त्या वीस मिनिटांत पूर्ववत् रस्त्यावर असेल काय? मागचा लाल दिवा फुटलेली कांद्याची ट्रॉली पुढें एकाएकीं थांबली, तर ब्रेकवर पाय कोणाचा? म्हणून हा डोळा तापूं न देणें ही केवळ यंत्राच्या दीर्घायुष्याची बाब नाहीं. गाडींतल्या व ट्रॉलीवरच्या माणसांच्या जीविताची आहे.

उपाय दोन जातींचे. पहिला, शक्ति खर्चून उष्णता उपसून काढण्याचा. यांत सर्वांत साधा म्हणजे पंखा. तो दोन-चार वॅट खातो, परंतु धूळ ओढतो आणि फिरणारी वस्तु एक ना एक दिवस अडकतेच. दुसरें साधन पेल्तिएच्या पट्टीचें. ज्यां पेल्तिए या फ्रेंच गृहस्थानें १८३४ सालीं असें दाखविलें कीं दोन भिन्न धातूंच्या सांध्यांतून वीज वाहिली असतां एक सांधा थंड व दुसरा गरम होतो. या तत्त्वावरच्या चपट्या पट्ट्या आज बाजारांत मिळतात, आणि त्यांत हलणारें कांहींच नसल्यामुळें त्या मोठ्या सोयीच्या वाटतात. पण त्यांचा जमाखर्च पाहावा. भोंवतालापेक्षां तीस-चाळीस अंश खालीं ठेवून दहा वॅट उष्णता उपसावयाची तर सर्वसाधारणपणें तितकीच, किंबहुना तिच्या दुप्पट वीज लागते, आणि ती वीजहि अखेर उष्णता होऊन पट्टीच्या गरम बाजूसच येऊन पडते. म्हणजे दहा वॅटांची ब्याद घालवितांना वीस-तीस वॅटांची ब्याद दाराशीं उभी. स्वयंपाकघर थंड व्हावें म्हणून फ्रिजचें दार उघडें टाकणाऱ्या मुलाची गोष्ट आपण सांगतों, त्यांतलाच हा प्रकार.

कोणी म्हणेल, मोटारीच्या शक्तीपुढें वीस-तीस वॅटांची मातब्बरी ती काय? एका कॅमेऱ्यापुरतें तें खरें आहे. परंतु सर्वस्वीं आपण होऊन चालणाऱ्या गाडींत डोळे दहा-वीस असतात, आणि त्यांनीं पाहिलेलें समजून घेणारा संगणक त्याहून खादाड. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनीं २०२३ सालीं असा हिशेब मांडला कीं, अशा शंभर कोटि गाड्या रोज एक तास धांवल्या व प्रत्येकीचा संगणक ८४० वॅट घेऊं लागला, तर त्यापायीं होणारें उत्सर्जन जगांतील सर्व डेटा-केंद्रांच्या त्या वेळच्या उत्सर्जनाइतकें होईल. विजेवर चालणाऱ्या गाडींत तर हा खर्च थेट पल्ल्यांतूनच वजा होतो. तेव्हां थेंबाथेंबाचा हा हिशेब हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

दुसरी जात म्हणजे उष्णतेशीं झुंज न घेतां तिला वाट करून देणें. या बाबतींत आम्हांस घोडेगांवच्या आसपासची कांदाचाळ ही एक उत्तम पाठशाळा वाटते. कांदा ही जिवंत वस्तु आहे. काढल्यानंतरहि ती श्वसन करते, तापते, ओल सोडते, आणि कोंडली तर सडते. शेतकरी तिला पंखा लावीत नाहीं. तो चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलून घेतो, तळ व भिंती फटी ठेवून पट्ट्यांच्या करतो, छपराच्या पाखा पुढें काढून ऊन अडवितो, आणि मुख्य म्हणजे थराची रुंदी चारएक फूट व उंची पांचएक फूट यांपलीकडे जाऊं देत नाहीं. कां? तर मधल्या कांद्याची ऊब बाहेरच्या वाऱ्यापर्यंत पोंचली पाहिजे. ढीग दुप्पट रुंद केला तर माल दुप्पट मावेल, पण मधला सडेल. सारी कला त्या अंतरांत आहे.

सेन्सरचें घर बांधणाऱ्या कारागिराचेंहि शास्त्र हेंच. चिपेपासून धातूच्या कवचापर्यंत उष्णतेस विनासायास जातां यावें म्हणून मधली फट उष्णतावाहक लेपानें भरतात. कवच ॲल्युमिनियमचें करून त्यास पाकळ्या काढतात, म्हणजे वाऱ्यास स्पर्श करणारें क्षेत्र वाढतें. आणि वर एक पांढरें छत्र अंतर राखून बसवितात, म्हणजे सूर्याचे ते दहा वॅट मुळांतच आंत येत नाहींत. या तिन्हींस विजेचा एक कणहि लागत नाहीं. जेथें वारा पोंचत नाहीं अशा अडचणीच्या जागीं, उदाहरणार्थ कांचेमागील कॅमेऱ्यापाशीं, उष्णता-नळी उपयोगीं पडते. ही एक तांब्याची बंद नळी. आंत हवा काढून घेऊन किंचित् पाणी ठेवलेलें. तापलेल्या टोंकाशीं पाण्याची वाफ होते, ती थंड टोंकाकडे धांवते, तेथें तिचें पाणी होतें, आणि आंतल्या वातीसारख्या अस्तरांतून तें पाणी पुनः माघारीं येतें. पंप नाहीं, वीज नाहीं, आवाजहि नाहीं. जनरल मोटर्समधील गॉग्लर यांनीं १९४२ सालीं शीतपेटीसाठीं अशा नळीचें पेटंट मागितलें होतें. पण तिचा खरा उद्धार अमेरिकेंतील लॉस ॲलॅमॉसच्या प्रयोगशाळेंत जॉर्ज ग्रोव्हर यांनीं १९६३ सालीं केला, आणि तोहि अंतराळयानांसाठीं. आज ती आपल्या मुलांच्या लॅपटॉपांत निमूटपणें काम करीत असते.

परंतु बाजारांत खोळंबलेल्या गाडीस वारा नाहीं, तेथें काय करावें? तेथें उष्णता घटकाभर सांठवून ठेवण्याची युक्ति आहे. दिवाळींतील अभ्यंगस्नानाच्या वेळीं थिजलेली खोबरेलाची बाटली चुलीशेजारीं ठेवावी, तर ती किती वेळ थिजलेलीच राहते! वितळण्यासाठीं तेल पुष्कळ ऊब पिऊन घेतें, आणि पीत असतां फारसें तापत नाहीं. योग्य अंशांवर वितळणारें पॅराफिनचें मेण सेन्सरच्या कवचांत भरून ठेवलें तर तेंहि असेंच करतें. एक किलो मेण वितळतांना सुमारें २०० किलोजूल उष्णता गिळतें. म्हणजे अवघें शंभर ग्रॅम मेण दहा वॅटांचा जादा भार अर्ध्या तासाहून अधिक काळ सोसूं शकतें. घोडेगांवचा बाजार ओलांडावयास तेवढा वेळ बहुधा पुरे. पुढें गाडी मोकळ्या रस्त्यास लागली कीं वाऱ्यानें मेण पुनः थिजतें.

आणखी एक उपाय फार मोहक आहे, व त्याची हकीकत आपल्याच देशांतून निघते. रॉबर्ट बार्कर नांवाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानें १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत असें वर्णन केलें कीं, अलाहाबादेकडे हिंवाळ्याच्या निरभ्र रात्रीं, ऊंसाच्या व मक्याच्या वाळलेल्या ताटांच्या थरावर उथळ मातीचीं परळें मांडून त्यांत पाणी ठेवतात, आणि हवा गोठण्याइतकी थंड नसतांहि पहांटे त्यावर बर्फ सांपडतें. बाष्पीभवनाचा हातभार त्यास असतोच. पण मुख्य कारण असें कीं पाण्याची उष्णता अदृश्य किरणांच्या रूपानें थेट आकाशांत निघून जाते. आठ ते तेरा मायक्रोमीटर लांबीच्या लहरींना आपलें वातावरण बरेंच पारदर्शक आहे. रात्रीं जें घडतें तें भर उन्हांत घडविण्याचें काम स्टॅनफर्ड विद्यापीठांत आस्वत रामन व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं करून दाखविलें. सूर्यप्रकाश जवळजवळ सगळा परतविणारा व नेमक्या त्या लहरी सोडणारा पातळ थर त्यांनीं रचला, आणि तो ऊन अंगावर घेत असतां हवेपेक्षां सुमारें पांच अंश थंड राहिला. असला थर सेन्सरच्या छत्रावर द्यावा, ही कल्पना सुचणें साहजिक आहे. आमचें मत मात्र असें कीं, नगरी रस्त्यावरील धूळ व कांद्याचे पापुद्रे त्यावर एकदां बसले कीं हा राजहंस लवकरच कावळा होईल. जो उपाय रोज पुसावा लागतो, तो विजेऐवजीं चालकाचे श्रम खर्चतो, इतकेंच.

माठाचा विचारहि मनांत येतोच. मालमोटारीच्या पुढें टांगलेली पाण्याची कापडी पिशवी आमच्या पिढीनें पाहिलेली आहे. कोरड्या वाऱ्यांत तिच्यांतलें पाणी कसें गार होई, हें सांगावयास नको. एक लिटर पाणी उडून जातांना सुमारें २,४०० किलोजूल उष्णता नेतें. दहा वॅटांच्या हिशेबानें तें जवळजवळ पावणेतीन दिवस पुरेल! दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यांत याहून स्वस्त शीतयंत्र नाहीं. परंतु आपल्या विहिरींचें क्षारयुक्त पाणी भिंगाजवळ पांढरे पोपडे धरतें, आणि भरण्याची आठवण कोणी ठेवावी हा प्रश्न उरतोच. कांहीं गाड्यांत सेन्सर धुण्यासाठीं पाण्याची फवारणी असते, तिच्यावरच तूर्त समाधान मानलेलें बरें.

आतांपर्यंत ज्या डोळ्यांविषयीं लिहिलें त्यांना नुसतें तापूं न देणें पुरेसें असतें. पण एक जात अशी आहे कीं तिला खरोखरीच हिमाहून थंड ठेवावें लागतें. आणि तिचा संबंध नगराशीं विशेष आहे. नगर हें चिलखती दलाच्या विद्यालयाचें ठाणें. तेथील रणगाड्यांचें संग्रहालय १९९४ पासून पाहावयास खुलें आहे. शहरानजीक वाहननगरांत संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तिचें मूळ १९२९ सालीं रावळपिंडीजवळ चकलाला येथें निघालेल्या यांत्रिक वाहनांच्या तपासणी-कचेरींत असून, फाळणीनंतर तें बिऱ्हाड नगरास आलें. लष्करी वाहनांस अंधारांत पाहावयाचें तें शत्रूच्या अंगच्या उष्णतेवरून. ही उष्णता टिपणारा पारा, कॅडमियम व टेल्युरियम यांच्या संयुगाचा शोधक स्वतःच गरम असेल तर त्यास दुसऱ्याची ऊब काय दिसणार? चुलीपुढें बसलेल्यास दुसऱ्याचा ताप हातानें कळत नाहीं, तसेंच हें. म्हणून असले शोधक ७७ केल्विन, म्हणजे उणें १९६ अंश सेल्सिअसवर ठेवण्याची वहिवाट पडली.

हें कसें साधतात? जेम्स ड्यूअर यांनीं १८९२ सालीं निर्वात भिंतींची बाटली केली. आपल्या घरांतील थर्मास तो तोच. शोधक अशा इवल्याशा थर्मासांत कोंडतात, म्हणजे बाहेरची ऊब फारच थोडी आंत झिरपते. आणि जी झिरपते ती उपसावयास बोटभर लांबीचें स्टर्लिंग-यंत्र असतें. त्याचें तत्त्व स्कॉटलंडांतील धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांच्या १८१६ सालच्या शोधांतलें आहे. तरीहि निसर्गाचा कर चुकत नाहीं. ७७ केल्विनवरून एक वॅट उष्णता २७ अंशांच्या हवेंत आणून टाकण्यास आदर्श यंत्रालाहि सुमारें तीन वॅट लागतात. प्रत्यक्ष यंत्रास त्याच्या कित्येक पट. यावर शहाण्या लोकांनीं उपसण्याचें यंत्र थोरलें केलें नाहीं. थंडीची गरजच कमी केली. स्फटिक अधिक शुद्ध करून १५० केल्विनच्या आसपासहि नीट पाहणारे शोधक आतां तयार होतात, आणि तेथें आदर्श हिशेब तीनावरून एक वॅटावर येतो.

त्याहूनहि पुढची पायरी म्हणजे थंड करणेंच नको असलेला शोधक. उष्णता पडली कीं ज्याचा विद्युत्-रोध बदलतो अशा, भोंवतालापासून अलग टांगलेल्या सूक्ष्म पडद्यांची जाळी अमेरिकेंत हनीवेल कंपनीनें लष्करासाठीं केली. तिजवरील गुप्ततेचा पडदा १९९२ सालीं उठला. शीतयंत्राची जरूर नसलेला उष्णतादर्शी डोळा सन २००० मध्यें अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत प्रथम बसला. लष्करी शोधकाइतका तो तीक्ष्ण नसतो. पण बिनदिव्याच्या रस्त्यावर उभें असलेलें गुरूं, किंवा रात्रीं ट्रॉलीखालीं चाक बदलीत बसलेला मनुष्य, त्यांच्या देहाच्या ऊबेवरून ओळखण्यास तो पुरेसा आहे. आणि आपल्या रस्त्यांवर हीच गरज अधिक. दिवसा तापलेलें डांबर व जनावराचें अंग यांतील अंतर वैशाखांत कमी होतें, ही त्याची मर्यादा ध्यानांत ठेवावी.

येथें एक गोष्ट बोलून दाखविल्यावांचून राहवत नाहीं. मालमोटारीच्या चालकाच्या खोलींत वातानुकूलन असलेंच पाहिजे हा नियम आपल्या देशांत १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींना लागू झाला. म्हणजे यंत्राचा डोळा किती अंशांवर नीट पाहतो याचे तक्ते केव्हांच तयार होते, आणि माणसाचा डोळा इंजिनाच्या धगीशेजारीं बसून वर्षानुवर्षें पाहतच होता! जुन्या मालमोटारींत तो अद्यापहि तसाच बसलेला आहे. खोली गार ठेवण्यास लागणारें तेल सेन्सरला लागणाऱ्या विजेहून पुष्कळ अधिक, हें मान्य. पण काटकसर करावयाची ती तेथें नव्हे.

घरच्या मोटारीपुरतें म्हणाल तर फार करावें लागत नाहीं. गाडी सांवलींत, नाहीं तर निदान सूर्याकडे पाठ करून उभी करावी. निघण्यापूर्वीं दारें दोन मिनिटें उघडीं टाकून कोंडलेली हवा बाहेर जाऊं द्यावी. वातानुकूलन त्यानंतर लावल्यास त्याचें काम हलकें होतें. आरशामागील कॅमेऱ्याजवळ काळी फित किंवा चिकटचित्रें लावूं नयेत. दसऱ्यास मोटारीची पूजा करतांना झेंडूचा हार अवश्य घालावा, पण पुढच्या जाळीवरचा हार प्रवासापूर्वीं उतरून घ्यावा; रडार त्याआड बसलेलें असतें, आणि त्याला लागणारा वारा व दिसणारा रस्ता दोन्ही त्यानें अडतात. भिंगावर कुंकवाचें बोट तर मुळींच उमटूं देऊं नये.

राहतां राहिली चांचणीची बाब. गाड्यांची परीक्षा तापविलेल्या खोलींत व गुळगुळीत मार्गावर होते, आणि ती आवश्यकच आहे. परंतु त्या खोलींत धूळ नसते, गुरें नसतात, आणि पंख्याचा वारा ठरलेल्या वेगानें वाहतो. आमची सूचना अशी कीं ज्यांना आपल्या सेन्सरची खात्री पटवावयाची असेल, त्यांनीं मे महिन्यांत बाजाराच्या दिवशीं दुपारीं दोनच्या सुमारास आपली गाडी दोन तास उन्हांत ठेवून मग ती घोडेगांवांतून, कांद्यानें भरलेल्या ट्रॉलीच्या मागें, पावलापावलानें चालवावी, आणि कवचाच्या पाकळ्यांत किती पापुद्रे अडकले, मेण किती वितळलें व डोळा किती मिनिटें मिटला, याची नोंद ठेवावी.